नवा ट्रॅक्टर रुळविणे आणि जुन्याशी त्याची तुलना

खोंड औताला लावण्याची रीत शेतकरी बंधूंना नव्याने सांगावयास नको. खोंड कितीही धडधाकट असला तरी त्याला पहिल्याच दिवशी खोल नांगराला कोणी जुंपीत नाही. आधी त्यास शिकलेल्या बैलाशेजारी हलक्या कुळवाला लावतात, चार फेऱ्या झाल्या की सोडतात, खांद्याला सूज आली आहे की काय हे पाहतात, आणि मगच दिवसागणिक काम वाढवितात. या कामी उतावीळ करणाऱ्याच्या बैलाचा खांदा जन्माचा अधू होतो.

बैलाच्या बाबतीत इतका विचार करणारा शेतकरी ट्रॅक्टर घरी आला म्हणजे मात्र हे सारे विसरतो. हार घालून, नारळ फोडून यंत्र दारात उभे राहते आणि दुसऱ्याच दिवशी त्यास पलटी नांगर जोडून कठीण रानात घातले जाते; किंवा याच्या उलट, नवे यंत्र जपावयाचे म्हणून ते तासन्‌तास जागेवर नुसते चालू ठेवले जाते. या दोन्ही चुका सारख्याच घातक आहेत. कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचे पुढील पंधरा-वीस वर्षांचे आरोग्य पहिल्या पन्नास तासांतील वागणुकीवर पुष्कळसे अवलंबून असते. नवा ट्रॅक्टर कसा रुळवावा, आणि रुळल्यानंतर जुन्या ट्रॅक्टरशी त्याची तुलना कोणत्या रीतीने करावी, हे या पाठात सांगितले आहे.

कांदिवलीचा ट्रॅक्टर

मुंबईच्या उत्तर उपनगरातील कांदिवली हे नाव महाराष्ट्रातील ट्रॅक्टरच्या इतिहासाशी जोडलेले आहे. महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तीन कंपन्यांनी मिळून १९६३ साली ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कांदिवली पूर्वेस आकुर्ली रस्त्यावर उभा राहिला आणि १९६५ साली तेथून ‘बी-२७५’ या नमुन्याचा ट्रॅक्टर बाहेर पडला. पुढे १९७७ साली ही कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली व तिचा ट्रॅक्टर विभाग बनली.

बी-२७५ हा सुमारे ३५ अश्वशक्तीचा, चार सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर होता. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधील नमुन्यावरून तो घेतला होता. त्याच्या इंजिनात डिझेल प्रथम एका लहान उपकक्षात फवारले जाई आणि तेथे पेट घेऊन मग मुख्य कक्षात येई. त्यामुळे थंडीच्या सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी आतील तार तापवून घ्यावी लागे. नंतरच्या नमुन्यांत डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरील पोकळीत फवारण्याची पद्धत आली. बॉनेटवर ‘डी.आय.’ ही अक्षरे दिसतात त्यांचा अर्थ हाच. उपकक्षाच्या भिंतींना लागून वाया जाणारी उष्णता या पद्धतीत वाचते. म्हणून इंजिन लवकर चालू होते व तेवढ्याच कामास डिझेल कमी लागते. ‘२७५’ हा आकडा मात्र कंपनीच्या पुढील नमुन्यांच्या नावातही राहिला.

अशा रीतीने एकाच घराण्यातील जुने व नवे यंत्र एकाच शिवारात काम करीत असलेले आढळते. वडिलांच्या काळचा ट्रॅक्टर गोठ्यामागे उभा असतो आणि मुलाने घेतलेला नवा ओसरीपुढे. या दोहोंत चांगला कोणता, हा वाद गावोगाव चालतो. तो वाद आवाजाने किंवा रंगाने न सोडविता मापाने सोडविला पाहिजे. आणि माप घेण्यापूर्वी नवे यंत्र रुळलेले असले पाहिजे.

इंजिनाच्या आत काय घडते

रुळविणे म्हणजे काय हे समजण्यासाठी इंजिनाच्या आत थोडे डोकावले पाहिजे. सिलिंडरच्या लायनरची आतील भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तीवर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक रेषा कारखान्यात मुद्दाम ठेवलेल्या असतात. या रेषांत वंगण तेल धरून राहते. पिस्टनभोवती बसविलेल्या लोखंडी कड्या, म्हणजे रिंगा, या भिंतीवर घासत वरखाली जातात. नव्या इंजिनात रिंग आणि भिंत यांचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना सर्वत्र टेकत नाहीत. काही तास काम झाले म्हणजे ते उंचवटे झिजतात आणि रिंग भिंतीवर सर्व बाजूंनी नीट बसते. मग वरचा जळता वायू खाली निसटत नाही आणि खालचे वंगण तेल वर जाऊन जळत नाही.

रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः डिझेल जळून निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबाने. म्हणून इंजिनावर अगदीच कमी ओझे असले तर हा दाब अपुरा पडतो. रिंग नीट बसत नाही, भिंतीवरील तेल अर्धवट जळून तेथे काचेसारखा चकचकीत थर चढतो, आणि रेषा बुजून जातात. एकदा असा थर बसला की इंजिन तेल खाऊ लागते व ते उघडल्यावाचून दोष जात नाही. उलट, पहिल्याच दिवशी पुरे ओझे टाकले तर उंचवट्यांच्या घर्षणाने उष्णता अतोनात वाढते, तेलाचा पापुद्रा तुटतो आणि रिंग व भिंत एकमेकींना ओरबाडतात. सबब, नव्या इंजिनाला पूर्ण विश्रांती नको आणि पूर्ण कष्टही नकोत. मध्यम व बदलते काम हवे.

कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी इंजिन चालवून पाहिलेले असते हे खरे. परंतु ती चाचणी थोडा वेळ चालते आणि शेतातील चढउतार, ढेकळे व ओढ तेथे नसतात. शिवाय केवळ इंजिनच नव्हे, तर गियरचे दाते, क्लचची तबकडी, ब्रेकचे पट्टे आणि चाकांचे बेअरिंग यांनाही परस्परांशी जुळवून घ्यावे लागते.

पहिल्या पन्नास तासांचा कार्यक्रम

ट्रॅक्टरसोबत मिळणारी पुस्तिका हाच प्रथम प्रमाण ग्रंथ समजावा. प्रत्येक नमुन्याचे आकडे थोडे भिन्न असतात. येथे सांगितलेला कार्यक्रम सर्वसाधारण आहे. पुस्तिकेत वेगळे असेल तेथे पुस्तिकेप्रमाणे वागावे.

रोज सकाळी, इंजिन थंड असताना व ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना, पुढील गोष्टी पाहाव्यात. वंगण तेल पट्टीवरील दोन खुणांच्या दरम्यान असावे. रेडिएटरमध्ये पाणी पुरेसे असावे. डिझेल गाळणीखालील भांड्यात पाणी साचले असल्यास ते सोडून द्यावे. हवा गाळणी तेलाची असेल तर तिच्या वाटीतील तेल व गाळ पाहावा. कोरडी असेल तर तिच्यावर धूळ चढली आहे काय ते पाहावे. पंख्याचा पट्टा बोटाने दाबून पाहावा, कारण नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत ताणला जाऊन सैल पडतो. चाकांच्या नटांकडे विशेष लक्ष द्यावे. नव्या चाकाचे नट पहिल्या काही तासांत सैल होतात आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास चाकाची भोके कायमची बिघडतात.

पहिले दहा तास. या काळात हलकी कामे द्यावीत. नांगरलेल्या रानात उथळ फणपाळी, रिकामी किंवा पावभर भरलेली ट्रॉली, बांधावरील माती सारणे, अशी कामे योग्य होत. इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटे मंद चालवून तेलाचा दाब आला आहे याची खात्री करावी आणि मग कामास लागावे. थंड इंजिनावर एकदम ॲक्सिलरेटर दाबू नये. एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये. वेग मधूनमधून बदलावा.

दहा ते पन्नास तास. आता अर्ध्यापासून पाऊण ओझ्यापर्यंत काम द्यावे. मध्यम खोलीची पाळी, पेरणी, शेणखताची अर्धी भरलेली ट्रॉली, हलक्या जमिनीत नांगरट, ही कामे चालतात. ओढ वाढून इंजिन कण्हू लागले तर ॲक्सिलरेटर आणखी न दाबता खालचा गियर टाकावा. इंजिनाचा आवाज खोल होणे व धुराड्यातून काळा धूर येणे ही जास्त ओझ्याची खूण होय. या काळात कठीण काळ्या रानातील खोल नांगरट, चढावरील भरगच्च ट्रॉली आणि खोल चिखलातील रोटाव्हेटर ही कामे टाळावीत. त्याचप्रमाणे, ट्रॅक्टर जागेवर उभा करून त्याच्या मागील दांड्यावर लहानसा पंप दिवसभर चालविणे हेही टाळावे. दिसावयास हे काम सोपे. परंतु वर सांगितलेला चकचकीत थर बसण्यास तेच कारण होते.

पन्नास तास झाल्यावर. पुस्तिकेत पहिली तपासणी ज्या तासाला सांगितली असेल, त्या तासाला ती करून घ्यावी. पुष्कळ नमुन्यांत ती पन्नास तासांच्या सुमारास असते. घासलेल्या उंचवट्यांची बारीक धातूची पूड या वेळी वंगण तेलात उतरलेली असते. तेल वरून स्वच्छ दिसते म्हणून ते तसेच चालविणे म्हणजे ही पूड पुन्हा पुन्हा बेअरिंगमधून फिरविणे होय. म्हणून तेल व तेलाची गाळणी दोन्ही बदलावीत. तेल गरम असतानाच सोडावे, म्हणजे गाळ त्यासोबत निघून जातो. नट, झडपांचे अंतर, क्लच व ब्रेक यांची मोकळीक या वेळी तपासून घ्यावी. या तपासणीची नोंद पुस्तिकेत सही-शिक्क्यासह करून घ्यावी. पुढे हमीच्या मुदतीत काही दोष निघाल्यास ही नोंद उपयोगी पडते.

मोसमाची सांगड

कोकणात व ठाणे-पालघरच्या भातपट्ट्यात ट्रॅक्टरचे सर्वांत कष्टाचे काम म्हणजे चिखलणी. पाण्याने भरलेल्या खाचरात रोटाव्हेटर किंवा लोखंडी चाके लावून दिवसभर पुऱ्या ओझ्याने यंत्र चालते. आता असे पाहा : मृग लागल्यावर घाईने ट्रॅक्टर घेतला तर पन्नास तासांचे हलके काम करण्यास सवडच राहत नाही. रोपे लावणीस आलेली असतात, शेजारी भाड्याने मागणी करीत असतात, आणि कोरे यंत्र थेट चिखलात उतरते. यंत्राचा असा आरंभ म्हणजे पुढील दुरुस्तीचे बीजच होय.

यास्तव भातपट्ट्यातील शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेणे झाल्यास पाडव्याला किंवा फार तर अक्षय्य तृतीयेपर्यंत घ्यावा. चैत्र-वैशाखात शेणखत वाहणे, भाताचा पेंढा वा विटा अर्ध्या ट्रॉलीने नेणे, भाजीपाल्याच्या मोकळ्या झालेल्या जागेची पाळी करणे, या कामांत पन्नास तास सहज भरतात. पहिली तपासणी रोहिणी नक्षत्राच्या आत आटोपते आणि चिखलणीस यंत्र तयार असते. देशावरील शेतकऱ्याने दसऱ्याचा मुहूर्त धरला तर रब्बीच्या पेरणीची व पाळीची मध्यम कामे त्यास आपोआपच मिळतात, आणि उन्हाळ्यातील खोल नांगरटीपूर्वी यंत्र रुळते.

डोळा आणि कान फसवितात

आता तुलनेकडे वळू. दोन ट्रॅक्टर शेजारी उभे केले म्हणजे पाहणारे नव्याच्या बाजूने बोलू लागतात. त्याचे बसण्याचे आसन मऊ, गियर हलका, आवाज कमी, वेग जास्त. दुसरीकडे, म्हातारी मंडळी जुन्याची बाजू घेतात. लोखंड जाड, दुरुस्ती कोणत्याही लोहाराकडे होते, असे म्हणतात. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, परंतु त्यातून एक एकर नांगरण्यास कोणाला किती डिझेल लागले हे कळत नाही. शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न तर तोच आहे.

तुलना न्याय्य व्हावयाची असेल तर दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट अशी की, नवे यंत्र रुळलेले असावे. न रुळलेल्या इंजिनात घर्षण अधिक असते व त्याचे आकडे दिशाभूल करतात. दुसरी अट अशी की, जुने यंत्र निगा राखलेले असावे. जुन्याची हवा गाळणी धुळीने बंद, फवारणी तोंड खराब, टायरच्या नख्या झिजलेल्या आणि नांगराचा फाळ बोथट असेल, तर हरतो तो ट्रॅक्टर नव्हे, हरते ती हेळसांड. पुष्कळदा असे आढळते की, टायर व गाळणी बदलताच जुन्याची कामगिरी सुधारते आणि नवा घेण्याचा बेत दोन वर्षे पुढे जातो.

शेतातील चाचणी

ही चाचणी करण्यास कोणतेही महागडे साधन लागत नाही. एक मोजपट्टी, खुणांचे डिझेलचे माप, घड्याळ, खडू आणि वही एवढे पुरे.

जमीन. एकाच रानात शेजारी-शेजारी दोन पट्टे आखावेत. ३३० फूट लांब व ६६ फूट रुंद पट्टा म्हणजे बरोबर २० गुंठे, म्हणजे अर्धा एकर होतो. लांब पट्ट्यात वळणे कमी पडतात. खाचरे लहान असल्यास दोन-तीन मिळून तेवढेच क्षेत्र मोजून घ्यावे. दोन्ही पट्ट्यांची माती, ओल व मागील पीक सारखे असावे.

अवजार व चालक. दोन्ही ट्रॅक्टरांना एकच नांगर लावावा आणि तो दोघांनाही झेपणारा असावा. चालकही एकच असावा. मोठ्या अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लहान नांगरास जुंपला तर तो अर्ध्या ताकदीने चालतो व डिझेल वाया घालवितो. त्यास दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

डिझेल. इंजिन आधी थोडे चालवून तापवून घ्यावे. मग ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरावी. चाकाच्या जागी जमिनीवर खूण करावी. पट्टा नांगरून झाल्यावर ट्रॅक्टर त्याच खुणेवर, त्याच दिशेने उभा करून टाकी मापाने पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढे डिझेल घालावे लागले तेवढे खर्च झाले. वीस गुंठ्यांस लागलेल्या डिझेलची दुप्पट म्हणजे एकरी खर्च.

खोली. नांगरलेल्या पट्ट्यात दहा ठिकाणी काठी घालून खोली मोजावी व सरासरी काढावी. एकाने सहा इंच आणि दुसऱ्याने चार इंच नांगरले असेल तर डिझेलची तुलना व्यर्थ आहे.

घसर. मागील मोठ्या चाकावर खडूने रेघ ओढावी. नांगर उचललेला असताना चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. समजा, पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर आले, तर सहा मीटर घसर झाली, म्हणजे शेकडा १५. नांगरटीत शेकडा १० ते १५ घसर स्वाभाविक मानतात. तीपेक्षा जास्त आल्यास टायर झिजलेले आहेत, मागे वजन कमी आहे किंवा टायरात हवा जास्त आहे असे समजावे. घसरीत जाणारे डिझेल जमीन नांगरीत नाही, फक्त टायर झिजविते.

एक फेरी झाल्यावर पट्टे अदलाबदल करून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दोन पट्ट्यांवर चाचणी पुन्हा करावी. दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास आले तर त्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

याखेरीज एक दीर्घ नोंद ठेवावी. दोन्ही ट्रॅक्टरांच्या प्रत्येकी पन्नास तासांच्या कामात वंगण तेल किती वेळा व किती भरावे लागले ते लिहावे. धुराचा रंगही लिहावा. निळा धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते किंवा ओझे जास्त आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरत आहे असे समजून कारागिरास दाखवावे.

नवा नमुना घेण्यापूर्वीच तुलना करावयाची असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्थेचे अहवाल पाहावेत. १९५५ साली स्थापन झालेली ही संस्था ट्रॅक्टरांची ठरावीक पद्धतीने चाचणी करते. तिच्या अहवालात इंजिनाची प्रत्यक्ष शक्ती, ओढ व डिझेलचा खर्च दिलेला असतो. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यांपेक्षा हे आकडे भरवशाचे होत.

हिशेब

चाचणीचे आकडे मिळाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो : जुना विकून नवा घ्यावा काय? एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजुतीसाठी मानलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

समजा, जुन्याला वीस गुंठ्यांस साडेतीन लिटर व नव्याला तीन लिटर डिझेल लागले. म्हणजे एकरी सात व सहा लिटर. एकरामागे बचत एक लिटर. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरू. घरची व भाड्याची मिळून वर्षाला अशी २०० एकर नांगरट होत असेल तर बचत १८,००० रुपये होते. आता नवा ट्रॅक्टर सात लाख रुपयांचा आणि कर्ज दरसाल दरशेकडा १० रुपये व्याजाचे धरले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ७०,००० रुपये होते. म्हणजे केवळ डिझेल वाचावे म्हणून नवा घेणे परवडत नाही.

परंतु हिशेब येथे संपत नाही. जुना ट्रॅक्टर ऐन लावणीत तीन दिवस बंद पडला आणि रोपे जून झाली, तर त्या नुकसानीची रक्कम जुन्याच्या खाती लिहिली पाहिजे. वर्षाची दुरुस्ती, भरलेले वंगण तेल, भाड्याची गमावलेली कामे, हे सारे त्यात मिळविले पाहिजे. नव्याच्या खाती व्याज, विमा आणि वर्षागणिक घटणारी किंमत लिहिली पाहिजे. दोन्ही बेरजा एकरांच्या संख्येने भागल्या की एकरी खरा खर्च कळतो. ज्याचे काम थोडे आहे त्यास नीट राखलेला जुनाच स्वस्त पडतो. ज्याच्याकडे काम भरपूर आहे व जुना वरचेवर बंद पडतो, त्यास नवा परवडतो. निर्णय वहीने करावा. शेजाऱ्याने घेतला म्हणून करू नये.

एक बाब मात्र पैशांत मोजता येत नाही. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवर उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी लोखंडी चौकट नसते, आणि मागील फिरत्या दांड्यावरचे झाकण केव्हाच हरवलेले असते. जुना ठेवावयाचा असेल तर हे झाकण प्रथम बसवावे. ओझे नेहमी खालच्या ओढदांड्यालाच जोडावे. त्याहून उंच जागी साखळी बांधून रुतलेली ट्रॉली ओढू गेल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन पाठीमागे उलटतो व चालकास उडी मारण्यासही अवसर मिळत नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले असावेत. चिखलपट्टीवर कोणासही, विशेषतः मुलांना, बसू देऊ नये. हे नियम नव्यासही लागू आहेत. नव्या चौकटीचा उपयोग आसनाचा पट्टा बांधला तरच होतो.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

गावात नवा ट्रॅक्टर आल्याचे कळताच कार्यकर्त्याने आठवड्याच्या आत तेथे जावे. अभिनंदन करून परत न येता पुस्तिका मागावी, आणि पहिल्या तपासणीचा तास कोणता आहे हे मालकासमक्ष काढून चिखलपट्टीच्या आतील बाजूस रंगाने लिहून द्यावे. चालक व मालक निराळे असल्यास सूचना चालकासच समक्ष द्याव्यात, कारण हात त्याचा असतो.

पन्नास तास पूर्ण झाल्यावर त्याच गावातील एखाद्या जुन्या ट्रॅक्टरसोबत वर सांगितलेली चाचणी जाहीरपणे करावी. जुन्या ट्रॅक्टरच्या मालकास आठ दिवस आधी सांगून गाळणी, फाळ व टायरमधील हवा नीट करून घेण्यास लावावे, म्हणजे त्याचा अवमान होणार नाही आणि निगेचा धडा सर्वांस मिळेल. डिझेलचे माप गावकऱ्यांपैकीच एकाच्या हाती द्यावे. आकडे फळ्यावर लिहावेत व त्यांवर आपले मत लादू नये. ज्यांना यंत्राच्या दोषांविषयी अधिक माहिती हवी त्यांस आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावे. पालघरच्या भागात असे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे आहे.

सारांश

नव्या ट्रॅक्टरला पहिले पन्नास तास मध्यम व बदलते काम द्यावे. त्यास आराम देऊ नये आणि दमवूही नये. पहिल्या तपासणीला तेल व गाळणी न चुकता बदलावी. खरेदीचा मुहूर्त चिखलणीच्या आधी दोन महिने साधावा. तुलना रुळलेल्या नव्याची व निगा राखलेल्या जुन्याची करावी. ती एकाच रानात, एकाच नांगराने, एकाच खोलीवर आणि डिझेलच्या मापाने करावी.

कांदिवलीहून वा अन्य कोठूनही आलेले यंत्र कारखान्यात अर्धेच तयार होते. उरलेले अर्धे शेतकऱ्याने पहिल्या पन्नास तासांत तयार करावयाचे असते. खोंडाचा खांदा जपणाऱ्या शेतकऱ्यास हे काम मुळीच अवघड नाही.